बटन माह्या घरात

…नाही, मले एक सांगा राजेहो, दिवस उजाडाच्या आंधी माणसानं सोताच्या घरात, सोताच्या वाकळीत, पाय पोटाशी घेऊन पडून राहावं का नाही? का तोही गुन्हा हाय? डोळा लागते ना लागते तं पह्यल्या खोलीतून रोशन बोंबलते, "काकाऽऽ, बटन!" मी उठतो, सयपाकखोलीत जातो, बटन दाबतो, येऊन पडतो. वाकळ आंगाखाली गरम होत नाही तं दुसऱ्या खोलीतून इंदुताई, "बबनभाऊऽऽ, बटन!" पुन्हा उठा! अरे, मी घरमालक हावो का लॉजवरचा गडी? एसटीत कंडक्टर होतो मी, सांगतो तुमाले! नोकरीभर घंटी माह्या हातात होती. म्या एक वाजवली का गाडी थांबे, दोन वाजवल्या का निघे, डायव्हर कितीबी मोठा असो! अन् आता लोकं मले वाजवून राह्यले, अन् मी धावून राह्यलो. तिसऱ्या खोलीचं तं बोलूच नका… ते मागून सांगतो.

तुमी म्हणसान, बबनराव, भाडेकरूच्या गिझरचं बटन तुमच्या सयपाकखोलीत आलंच काहून? तं आइका. इचार करून आलं! मी इचार केल्याशिवाय काही करत नाही, हे अख्ख्या लोहाऱ्याले माहीत हाय.

झालं असं, घराच्या मागच्या अंगाले म्या तीन खोल्या काढल्या, भाड्यानं द्याले. पह्यलीत हा रोशन, एमआयडीसीत कामाले. दुसरीत इंदुताई, दवाखान्यात नर्स, एकटी बाई, तोंडानं फटकळ पण मनानं साफ. तिसरीत एक मास्तर होता, तो बदली होऊन मारेगावले गेला, खोली रिकामी पडली. तं मागच्या हिवाळ्यात हा रोशन, न्हाणीत प्लॅस्टिकच्या बकेटीत रॉड टाकून मोबाइल पाहत बसला! रॉड टेकला बुडाले, बकेट वितळली, पाणी न्हाणीतून खोलीत, खोलीतून आंगणात, अन् फ्यूज उडून सगळ्या घरात अंधार. मी इचारलं, "अबे, हे काय करून ठेवलं?" तं म्हणते कसा, "काका, पाणी तं गरम झालं होतं!" आता याले काय म्हणावं?

आमची कोकिळा, म्हणजे माह्यी घरवाली, तवाच म्हणली, "अहो, एखादा शॉक लागून मरन. गिझर लावा खोल्यायमंदी. अन्… एक आपल्याही न्हाणीत लावा. माह्ये गुडघे…" म्या म्हणलं, थांब. आंधी इचार करू दे.

अन् म्या इचार केला, बाप्पा! असा तसा नाही! लेक पुण्याले असते, विक्की, त्याले फोन लावला. तो तिकडून विंग्रजी फेकून राह्यला, "पप्पा, सोलर लावा ना, फ्यूचर आहे." फ्यूचर! अरे पोट्ट्या, आपल्या गच्चीवरच्या टाकीत पाणी राह्यते का रोज? अन् आभाळ आलं का मी काय त्या काचेपुढे शेकोटी पेटवू? तं सोलर गेलं. गॅसचा गिझर म्हणाल, तं न्हाणी एवढीशी, खिडकी तं म्या ठेवलीच नाही, कोंडून कोणी पडलं तं नाव माह्यं! गॅस गेला. मंग नेमसिंगच्या दुकानात गेलो. त्यानं दोन डबे पुढे ठेवले. "हा साठवणीचा, मोठा. एकदा तापला का दोन माणसं आरामात आंग धुतीन. अन् हा छोटा, तुरंतवाला. बटन दाबलं का गरम, बंद केलं का खतम." म्या म्हणलं, मोठा कायले? मोठ्यात पाणी तापून बसते, अन् बसलेलं पाणी माणसाले बसवते. छोटा दे! नेमसिंग म्हणते, "काका, तुमच्या बोरच्या पाण्यात क्षार हाय, छोट्याची धार वर्साभरात बारीक होईन." होऊ दे म्हणलं. धार बारीक झाली तं पाणी वाचन. पाहा, इचार कसा असते!

अन् मंग शेवटचा, सगळ्यात मोठा इचार. बटन कुठी? वायरमन म्हणते, "न्हाणीच्या बाहीर लावतो." म्या म्हणलं, गाढवा, तो रोशन बटन दाबून ड्यूटीवर निघून गेला तं? तीनही बटनं माह्या सयपाकखोलीत आण, मिठामिरच्याच्या फळीखाली. ज्याले पाणी पाह्यजे त्यानं मले आवाज द्यावा. वायरमन म्हणते, "काका, असं कोणी करत नाही." म्या म्हणलं, म्हणूनच मी करून राह्यलो! इचार करून!

"अन् आपल्या न्हाणीत?" कोकिळानं इचारलं. आता तुमीच सांगा, आपल्या न्हाणीत कायले? आपली आंगणात चूल हाय, राळेगावच्या साळ्याच्या वावरातून कापसाच्या पऱ्हाट्या येतात, त्याच जाळाच्या. पितळेचा गंज भरून पाणी चुलीवर ठेवलं का झालं! अन् चुलीवरच्या पाण्याले जो धुराचा वास असते ना, तो गिझरले येते का? ते पाणी आंगावर घेतलं का माणूस कसा खुलून जाते! कोकिळा उठे अंधारात, चूल पेटवे, गंज उचलून न्हाणीत आणे, अन् मले हाक मारे, "पाणी काढलं हो!" वर्सानुवर्स चाललं. मले कधी तरास झाला नाही.

पण या इंदुताईच्या पोटात दुखलं! मी पेपर वाचत बसलेलो, तं ही मागच्या दारानं, आपल्या गिझरचं अर्धी बकेट गरम पाणी घेऊन आली, अन् कोकिळाचे गुडघे शेकून राह्यली! माह्या घरात! भाडेकरूचं पाणी घरमालकिणीच्या पायावर! माह्यी इज्जत काय राह्यली, सांगा? मी म्हणलं, इंदुताई, हे चालाचं नाही. अन् त्याच दिवशी ऑइलपेंट आणला अन् खोल्याच्या भितीवर मोठ्या अक्षरात लेहून काढलं, 'एका खोलीचे गरम पाणी दुसऱ्या दारी नेऊ नये. हुकुमावरून.' सगळ्यायले सारखा कायदा. इंदुताईनं वाचलं, कोकिळाकडे पाह्यलं, अन् दोघी एक शब्द बोलल्या नाही. तवाच मले समजाले पाह्यजे होतं… पण बायका चूप असल्या का माणसाले वाटते, पटलं!

मंग यंदाची थंडी पडली. यवतमाळची थंडी, राजेहो, दात वाजून वाजून हलाले लागते. आंगणात दवानं फरशी ओली. कोकिळा गंज घेऊन येऊन राह्यली, गुडघा वाकला, पाय घसरला, अन् अर्धं पाणी तिच्या पायावर! मी धावलो. पाह्यलं तं काय… गंजाले हा एवढा पोचा! माह्या आत्यानं लग्नात देल्लेला पितळी गंज! मी म्हणलं, "अवं, उलीसक पाहून चालत जाय ना! गंज गेला का नाही कामातून!" आता माणसाच्या तोंडून निघते. सकाळची घाई असते. इंदुताईनं पट्टी बांधली, मलम लावलं, अन् माह्याकडे असं पाह्यलं जसा का म्याच तिले ढकललं.

संध्याकाळी कोकिळानं खिळ्यावरची तिसऱ्या खोलीची चाबी काढली. मले वाटलं, झाडाले चालली. मंग तिनं वाकळ घेतली. उशी घेतली. चहाचं भांडं घेतलं. मी म्हणलं, "अवं विक्कीचे माय, कुठी चालली?"

"भाड्यानं राहाले."

"कुठी?"

"तिसऱ्या खोलीत. तिथं गिझर हाय."

मी हासलो, सांगतो तुमाले! मले मजाक वाटली. म्हणलं, "अन् डिपॉझिट?"

उंबरठ्यावर थांबली. भाजलेला पाय उचलून धरला होता तिनं. म्हणली, "लग्नापासून तुमच्यापाशीच जमा हाय." अन् गेली. दार लावलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला मले.

आता घरात मी अन् तीन बटनं! तिसरीच्या बटनासाठीही हाक इंदुताईच मारे, कोकिळा नाही. चूल पेटवाले गेलो तं पऱ्हाट्या धुपतात, डोळे लाल, पाणी कोमट. विक्कीले फोन केला, म्हणलं तुह्या मायले समजाव. तं तो म्हणते, "पप्पा, काल मम्मी फोनवर हासून राह्यली होती. मम्मी हासते हे मले माहीतच नव्हतं." मी फोन ठेवून देल्ला. पोट्टं पुण्याले जाऊन बिघडलं. पण तुमाले खरं सांगू? ते घर खायले उठते मले. भांड्याचा आवाज नाही, खोकला नाही, 'पाणी काढलं हो' नाही… एवढा इचार करून घर बांधलं, अन् घरात मीच एकटा.

म्हणून आज सकाळी बकेट घेतली अन् गेलो तिसऱ्या दारी. लाज वाटली, पण गेलो. कोकिळानं दार उघडलं. आत नुसती वाफ! घमेल्यात पाय बुडवून बसली होती, इंदुताई बाजूले, दोघीच्या हातात चहा. चेहरा असा काही खुलला होता तिचा, मी दोन मिनटं वळखलंच नाही. म्हणलं, "अवं विक्कीचे माय, अर्धी बकेट दे. आंग भल्लं आखडलं."

 तिनं भितीकडे बोट दाखवलं. 'एका खोलीचे गरम पाणी दुसऱ्या दारी नेऊ नये.' ऑइलपेंट, धुतल्यानंही जात नाही. म्हणली, "तुमचाच कायदा ना? इचार करून केला असन."

आलो परत. बकेट ठेवली. वाकळीत शिरलो. अन् तवाच तिसऱ्या खोलीतून आवाज आला. आता आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नाच्या उखाण्यात तिनं एकदा घेतलं होतं, तेही लोकायनं अडवून धरलं म्हणून. त्याच्यानंतर 'अहो', नाहीतं 'विक्कीचे बाबा'. अन् आज सगळ्या आंगणाले आइकू जाईन असं, मोकळ्या गळ्यानं…

"बबनरावऽऽ! बटन!"

काय करता, राजेहो? उठलो. दाबलं. जिंदगीत पह्यल्यांदा, इचार न करता.