जिन आणि लाइनीच्या मधली मोकळी जागा

माझं माहेर मोर्शीकडचं, संत्र्याच्या बागांचं, अन् लग्न होऊन आली ती दर्यापूरजवळच्या या जिनाच्या गावात. कापसातून सरकी काढायचा कारखाना म्हणजे जिन, अन् त्याच्या मजुरांसाठी बांधलेली खोल्यांची लांब लाइन, त्यालेच आमी गाव म्हणतो. काय सांगू ताई तुमाले, पहिल्या दिवशी मले ते घर उलटंच वाटलं. साऱ्या खोल्यांची पाठ जिनाकडे, त्या भिंतीले एक खिडकी नाही, दारं सारी पलीकडून. भिंत हातभर जाड, विटा-चुन्याची, भर उन्हाळ्यात टेकून बसलं तरी गार लागे. अन् लाइन अन् जिनाच्या मधात एवढी मोठी जागा मोकळी, तिथं गवतही वाढू देत नव्हते.

मी चौथी शिकलेली, मले वाटलं जागा वायाच जाऊन राहिली. चुलीसाठी पऱ्हाट्या, कापसाची वाळकी झाडं, तोडून आणल्या अन् तिथं रचल्या. सासू पाहतच राहिली. काहून व, कोणी सांगतलं तुले इथं ठेवाले, उचल साऱ्या. मी रडत रडत एकेक भारा मागं आणला, अन् बाया हसत होत्या, मोर्शीवाली आली पाहा लाइन जाळाले.

त्याच हंगामात जिनात आग लागली. रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या गंज्या पेटल्या, ठिणग्या उडाल्या, त्या मोकळ्या जागेत पडल्या अन् मातीतच विझल्या. भिंत तापली, काळी झाली, पण एका घरालेही आग शिवली नाही, अन् आमी साऱ्या पोरं घेऊन पलीकडच्या दारांनी बाहेर पडलो. तवा मले कळलं, दारं तिकडं काहून.

औंदा माझ्या लेकानं, गजाननानं, त्याच जागेत विटा उतरवल्या, खोली काढतो म्हणे. जिन तर आजही चालू आहे. मी माणसांसमोर कधी तोंड उघडलं नाही, पण त्या दिवशी मिस्त्रीसमोरच म्हटलं, इथं नाही. गजानन म्हणे, आई, आता फायर ब्रिगेडची गाडी असते. मी म्हटलं, बापू, गाडी दर्यापूरहून येते, आग इथूनच येते. मिस्त्री हसला, लेक नाही हसला. सारी लाइन पाहाले उभी, पण मी जाऊन विटांवर बसली, अन् बसूनच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं विटा हलवल्या. खोली पलीकडं, दारापुढच्या अंगणात काढली, लहान झाली. सून म्हणते, पलंग ठेवला की दार पुरतं उघडत नाही. म्हणू दे. ही लाइन कोणी आखली, त्याचं नाव इथं कोणालेच माहीत नाही. जो असन तो, त्याच्या लेकराबाळांच्या डोक्यावर असंच छत राहो.