खालची खोली

नांदेडच्या विमानतळाबाहेर शबाना ऑटोची वाट बघत उभी होती. तिच्यापुढं एक म्हातारी, आणि भल्यामोठ्या बॅगेला टेकलेला तिचा मुलगा.

"अव्वा, हॉटेलात लिफ्ट हाय. सामान वर न्यायची कशाला चिंता?"

"न्हाई. खोली खालचीच पायजे."

"भूकंपाला तीस वर्षं झाली की गं."

"हाव. अन् तू पोरीला क्लाससाठी पाचव्या मजल्यावर ठेवलंस."

"चांगलं होस्टेल हाय ते. या बॅगेत एवढं भरलंस तरी काय?"

"वाकळा. आज शिवानीला माझ्यापाशी निजायला घेऊन ये."

"एका रात्रीनं काय व्हतंय, अव्वा?"

"तुझे अप्पा ढिगाऱ्याखाली गेले, ती बी एकच रात्र व्हती."

ऑटो येऊन थांबला.

"कुठलं हॉटेल, साहेब?"

मुलानं बॅग उचलली.

"खालची खोली मिळंल, ते कोणतं बी."