दुकान माझ्या नावावर

नाही, पाणी नको, मेधाताई — भावजी वर येईपर्यंत बोलून घेते. केशवापुरात गाडी लावायला जागा मिळत नाही, झेरॉक्सही काढायचीय त्यांना, तेवढाच वेळ आहे मला. त्यांच्यासमोर विचारलंत तर मी तेच सांगणार, जे माझ्याकडून पाठ करून घेतलंय. हो, पाठ. सोमवारी जीएसटीचे ऑडिटवाले दुकानात येणार हे कळल्यापासून रोज संध्याकाळी तालीम चाललीय आमच्याकडे. माझे दीर, विनायकभावजी, साहेब होतात, ह्यांच्या खुर्चीत बसतात आणि कानडीत विचारतात, 'मालकरु नीवेनु?' — मालक तुम्हीच का. मी 'हौदु', हो, म्हणायचं. खरेदी कोण करतं? मीच. माल कोण बघतं? मीच. पहिल्या दिवशी दीपश्रीला हसू आलं, आईचं नाटक बघून. आता माझी पोर उठून आतल्या खोलीत जाते.

तसं खोटं काय त्यात — दुकान नावावर आहेच की हो. हे गेल्यावर तुम्हीच, आमच्या टॅक्स सल्लागार म्हणून, करून दिलेत सगळे कागद. पण अमरगोळच्या मार्केट यार्डात मी कधी जाऊन बसले नाही. बारदानाचा धंदा, रिकामी पोती घ्यायची, विकायची, हमालांशी हुज्जत घालायची — बाईमाणसानं कशाला तिथं, असं भावजी म्हणाले, आणि मलाही बरं वाटलं तेव्हा. माझं काम एवढंच, जीएसटीचं रिटर्न भरताना फोनवर ओटीपी येतो ना, तो सांगायचा. 'श्यामलावहिनी, आला का नंबर?' — आला, घ्या. पोळी तव्यावर, हाताला पीठ, फोन खांद्यानं कानाशी धरलेला. ती माझी सहीच असते हे परवा तुमच्याकडून कळलं.

काल मला यार्डात नेऊन बसवलं, सवय व्हावी म्हणून. हणमंत म्हणून जुना हमाल आहे, त्यानं खुर्ची पुसून दिली, 'बर्री, या अक्का, गोडाऊन बघता का?' म्हणाला. आणि मी कुठं बघायला लागले तर समोरच्या दुसऱ्याच गोडाऊनकडे. आपलं कुठलं तेच मला माहीत नव्हतं. त्यानं खाली मान घातली. साहेब असं म्हणाले तर — चला बाई, माल दाखवा — तर काय करू मी? 

तुम्ही सांगितलेली तयारी झालीय हो. बिलं लावली, बँकेचे उतारे काढले, माल मोजून ठेवला. भीती त्याची नाही. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, कलघटगीच्या पार्टीचा माल कशातून येतो, आणि मी म्हणाले लॉरीतून — आठवतं? फोन स्पीकरवर होता. भावजी समोर बसले होते, त्यांनी ओठ हलवून सांगितलं, लॉरी.

तिथं पार्टीच नाही, मेधाताई. मी जाऊन आलेय. माझ्या मैत्रिणीच्या, यमुनाच्या मुलीचा साखरपुडा होता कलघटगीत. म्हटलं, इतका माल घेतो आपण ह्या माणसाकडून, तोंडओळख तरी असावी, साहेबांनी विचारलं तर कसा दिसतो ते तरी सांगता येईल. भोळेपणानंच गेले, देवाशपथ. बिलावरच्या पत्त्यावर पिठाची गिरणी निघाली. गिरणीवाला म्हणाला, पोती गिऱ्हाईक घेऊन येतंय बाई, आम्ही कुठली विकतो. मी हसले, पत्ता चुकला म्हटलं, मांडवात परत येऊन पंगतीला बसले. काय जेवले ते आठवत नाही.

म्हणजे माल आलाच नाही, नुसती बिलं आली — असंच ना? आणि त्या बिलांवरचा कर आम्ही भरल्याचं दाखवून वळता करून घेतला, माझ्या ओटीपीनं. भावजींना मी विचारलं नाही. विचारू कशी — राहतो त्यांच्या घरात, दीपश्रीचं कॉलेज तेच बघतात. वाईट वागत नाहीत हो ते. हात-बित उगारत नाहीत. नुसतं — तालमीत एकदा मी अडखळले, तर टेबलावर हात आपटला, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, 'वहिनी, जेलमध्ये जायची वेळ आली तर नाव कुणाचं आहे?' आणि चहा मागितला. मी चहा केला. साखर घातली का नाही कोण जाणे, ते तसाच प्यायले.

आता भावजी जे पत्र झेरॉक्स करून आणतायत ना, त्यात सगळी खरेदी मी माझ्या मनानं केली असं लिहिलंय. तुमच्यासमोर सही करायचीय मला.

एक विचारू? ह्यांच्या वेळेलाही होती का ही कलघटगीची पार्टी? तेव्हाही हिशेब तुम्हीच — नको. राहू दे. तुम्ही खिडकीकडे बघितलंत. म्हणजे होती.

ते आले वाटतं, जिन्यात पाय वाजतायत.  आपण होऊन सांगितलं, कर भरला, तर निभावतं का? — निदान दंड कमी होतो म्हणता. बरं. दुकान विकावं लागेल. विकीन.

या, भावजी. नाही, बसू नका. तो कागद तुमच्याजवळच राहू द्या, मी सही करणार नाही. — का म्हणजे, मी कलघटगीला जाऊन आलेय. गिरणीपर्यंत. — माझ्याकडे असं बघू नका. खाली गाडीत जाऊन बसा. मला मेधाताईंशी एकटीनं बोलायचंय. — जा म्हटलं ना, भावजी.