धुराची गिरण, उन्हाची गिरण

माजं माहेर अक्कलकोटाच्या पलीकडं, तितं बोलायचं कानडीत आन् भांडायचं बी कानडीत, आन् लगीन झालं ते हिकडं होटगीजवळ, हितं सगळं मराठीत, त्यामुळं पयलं वरीसभर मला भांडताच आलं न्हाय, काय सांगू तुमाला, लई कोंडमारा झाला. माहेरी उजेड म्हनजे रॉकेलची चिमणी. माज्यासाठी स्थळ बघायला वडील हितं आले, तर त्यांनी घर बघितलं न्हाय, रान बघितलं न्हाय, बघितली ती गिरण. सासऱ्यांची पिठाची गिरण व्हती की. वडील परत आले आन् आईला म्हनले, पोरगी पिठात पडली, आता उपाशी मरत न्हाय. ते खरंच झालं बगा, तवापासनं मी पिठातच हाय. माजे केस पिठानं पांढरे झाले का वयानं, हे आमच्या मालकांना बी ठावं न्हाय, आन् मी सांगत न्हाय.

तवा गिरण चालायची डिझेलच्या इंजानावर. काळं, बुटकं, पोट सुटलेलं, आमच्या सासऱ्यांसारखंच, आन् सकाळी उठायला तेवढंच आळशी. मालक हँडल घालायचे, कमरेतनं वाकून जोर लावून फिरवायचे, ते दोनदा खोकायचं, तिसऱ्यांदा शिव्या खायचं आन् मंग सुरू व्हायचं. बाहेर धुराच्या नळकांड्यावर एक गाडगं उपडं ठिवलेलं. आता म्हनाल गाडगं कशाला, तर त्यानं आवाज असा कोंडून निघायचा, थांबा करून दाखवते, पुक्, पुक्, पुक्... हसू नका, पार ओढ्यापल्याड ऐकू जायचा. कुनाला सांगाया जावं लागत नव्हतं. पुकपुक ऐकली की बायका चुलीवरचं उतरवायच्या आन् डबं डोक्यावर घिऊन निघायच्या. मालकांची सगळी हयात त्या इंजानापाशी गेली, त्यात कान गेले. मी कानात वरडले तर त्यांना ऐकू येत न्हाय, पन इंजानाचा ठोका चुकला की जेवत्या ताटावरनं उठायचे. मी म्हनायची, मला बी एक गाडगं घाला डोक्यावर, मंग ऐकाल.

पन त्या काळ्याला खायाला लागायचं डिझेल. पिंप घिऊन हमरस्त्याच्या पंपावर जायचं, आन् पंपावर पाटी लावलेली असायची, माल न्हाय. एकदा असंच टँकर येईना, गिरण बंद, समदं गाव भात खाऊन कंटाळलं. मी मालकांबरोबर पंपावर गेले व्हते, तितल्या मानसाला इचारलं, बाबा, हे येतं तरी कुटनं? तो म्हनला, मुंबैवरनं. मंग मुंबैला कुटनं येतं? म्हनला, समुद्रापल्याडनं, वाळवंटातनं. म्हनलं तितं ज्वारी पिकती का? न्हाय म्हनला, तितं काईच पिकत न्हाय. आता बगा की गंमत, ज्वारी आमच्या रानात, चूल आमच्या घरात, दात आमच्या तोंडात, आन् भाकरी कवा खायाची ते ठरवनार वाळवंट. कुटल्या तरी दोन देशांचं बिनसायचं, आन् हितं माज्या जावेच्या काटवटीत पीठ नसायचं. मी हे मालकांना सांगितलं, तर ते म्हनले, चल, पिंप उचल.

मंग मोटार बसवली, विजेवर. पन आमच्या गावची वीज म्हनजे माहेरवाशीण, आली की कौतिक, आन् कवा जाईल त्याचा नेम न्हाय. गिरणीच्या चाड्यात वरनं ज्वारी वतली की वीज गेली. म्हनून इंजान ऱ्हायलंच हाताशी. आन् मला खोड हाय इचारायची, म्हनून लेकाला, महादेवला, इचारलं, ही वीज तरी कशानं व्हती रं? तो म्हनला, आई, कोळसा जाळून. म्हनलं, म्हनजे धूर हाय तसाच हाय, फकस्त दुसऱ्याच्या गावात.

महादेव सोलापुरात रिक्षा चालवतो, स्टेशनावर. मागं त्यानं ती बॅटरीवरची रिक्षा घितली आन् दाखवायला गावाकडं आनली. गाडी दारात कवा आली ते कळलंच न्हाय. मी भवतीनं फिरून बघितली. म्हनलं, डिझेल वतायचं भोक कुटंय? तो म्हनला, आई, भोक न्हाय, वायर हाय. शीटाखाली बॅटरी दाखवली. मी हात लावला, गरम न्हाय. वास घितला, वास न्हाय. कान लावला, काय न्हाय. म्हनलं, हे काम करतंय का झोपलंय? मालक वट्ट्यावरनं म्हनले, मुका बैल घिऊन आलाय, ह्याला धाप लागली तरी कळायचं न्हाय. मी शीटावर बसून इचारत व्हते, ही मूठ कशाची, आन् इचारता इचारता पिळली, तर काय, रिक्षा निघाली की! मला वाटलं बंद हाय, आवाजच न्हाय ना. सरळ कडब्याच्या गंजीत. लोकं पळत आली, मी कडब्यातनं तोंड काढून म्हनलं, चांगली चालती. सोलापुरात महादेव रोज रातच्याला तिला वायर लावून झोपतो, सकाळी ती पोटभर. पंपावरची रांग गेली, पाटी गेली. ते मला लई आवडलं.

आन् मंग एक दिस हँडल उलटं आलं. इंजानाचं हँडल कदीमदी झटका मारून उलटं फिरतं, हात काढायला येळ लागला तर हाड ठिवत न्हाय. मालकांचं मनगट मोडलं. जोडलं डॉक्टरनं, पन म्हनले, आता हँडलाला हात लावायचा न्हाय, कदीच न्हाय. मी फिरवून बघितलं, इंजान हललं न्हाय, माजी कंबर हलली. विजेच्या भरवशावर गिऱ्हाईक टिकंना, बाया डबं घिऊन होटगीला जाया लागल्या. महादेव म्हनला, आता गिरण मोडा आन् सोलापूरला चला माज्याकडं. त्याची खोली म्हनजे काय, हितनं पाय लांब केला की तितं भिताडाला लागतो. सून गुनाची हाय, पन तिच्या स्वैपाकघरात मी, आन् खोलीबाहेरच्या जिन्यावर दिसभर बसून मालक, काय करनार? इंजान न्हाय, गाव न्हाय, कान न्हाय. मला रडू आलं, खरं सांगते. मी म्हनलं, महादेवा, तुज्या रिक्षाला जी बॅटरी चालवती ती माज्या गिरणीच्या दगडाला का चालवनार न्हाय? तो पयलं हसला, मंग मोबाइल काढून बघाया लागला.

लई जुळवाजुळव झाली, ती सांगत बसत न्हाय, पन उन्हाळ्याच्या आदी गिरणीच्या छतावर काचा बसल्या, उन्हाच्या. खाली कोपऱ्यात बॅटऱ्या, कपाटासारख्या उभ्या. वीज आली तर बॅटरी वीज खानार, न्हाय आली तर ऊन खानार. महादेव म्हनला, एक उन्हाळा बघू, न्हाय जमलं तर हे काढून ठिवायचं आन् मुकाट सोलापूरला यायचं. मी म्हनलं, कबूल. मालक उठले आन् पारावर जाऊन बसले.

पयल्या दिवशी सकाळी मी नारळ फोडला, बटन दाबलं, दगड असा गुरगुर फिरला, मांजर झोपल्यावानी. आन् मी वाट बघत बसले. कोन बी येईना. दुसऱ्या दिवशी बी त्येच. मी घरोघरी सांगितलेलं की गिरण चालू झाली, मंग झालं काय? तिसऱ्या दिवशी मी पारापतूर गेले तर काय बघावं, आमचे मालक बसलेत, आन् डबा घिऊन बाई आली की हात हलवून सांगत्यात, जावा होटगीला, गिरण बंद हाय. म्हनलं, अवो, काय करताय? म्हनले, खोटं बोलतोय का? पुकपुक कुटं हाय? काय सांगू तुमाला, त्या मानसानं वाकडेपनानं न्हाय, खऱ्या मनानं आमची गिऱ्हाईकं परत पाठिवली. त्यांच्या लेखी पुकपुक न्हाय म्हनजे गिरण न्हाय. मी तितंच कानडीत सुरू झाले. ऐकू गेलं नसंल, पन माज्या तोंडाकडं बघून समजलं. मी त्यांना धरून गिरणीत आनलं आन् त्यांचा चांगला हात दगडाच्या पेटीवर ठिवला. ती थरथर त्यांच्या हाताला लागली. लई येळ हात तसाच ठिवला त्यांनी. मंग म्हनले, दगड गुळगुळीत झालाय, टाकी लावाया झालीया. एवढंच. पन दुसऱ्या दिवसापासनं पारावर बसून बायांना सांगाया लागले, जावा, चालू हाय.

मंग महिनाभर बरं चाललं. ऊन असं, की छतावर पाय ठिववत न्हाय, बॅटऱ्या भरलेल्या, चटणी, ज्वारी, गहू, सगळं दळलं. आन् ऐन चैतात, डोळ्यापुढं अंधारी यील असं ऊन असताना, गिरण बंद पडाया लागली. भर दुपारी. बाया डबं ठिवून कटाळून गेल्या. आमच्या थोरल्या जाऊबाई, काशीआक्का, वरनं डोकावून म्हनाल्या, नीलाबाई, देवानं भाकरीला चूल दिली, ऊन दिलं ते वाळवनाला, तुमी उलटं कराया गेलासा. मी महादेवला बोलावलं. तो आला, खालनंच वायरी बघितल्या, बॅटऱ्या बघितल्या, मोबाइलवर कंपनीवाल्याशी बोलला. सगळं बरोबर हाय म्हनला, पन वरनं काय येतच न्हाय. सूर्यच काय देईना म्हनल्यावर कुनाकडं तक्रार करनार? तो दमून खाली बसला आन् म्हनला, आई, कबूल केलंवतं न्हवं? मी पदरानं पीठ पुसलं आन् घरात कपड्याची पेटी बघाया लागले, काय न्यायचं, काय ठिवायचं.

मालकांना कुनी काय सांगितलं नव्हतं, पन पेटी बघितली आन् सगळं कळलं. एक हात अधू, तरी शिडी लावली. मी खालनं वरडते, पडाल, पडाल, पन ऐकू कुटं येतंय. वर गेले. मंग खाली आले ते एक एक पायरी उतरत, हातात कायतरी धरलेलं, तोंडात कायतरी चाललेलं. महादेवच्या हातावर एक कुरडई ठिवली आन् म्हनले, तुजी बॅटरी खाऊन बघ, मीठ कमी हाय.

आमच्या काशीआक्कांचं छत गिरणीच्या छताला लागून. त्यांनी बघितलं, काय ह्या काचा, उतरत्या, गुळगुळीत, धूळ न्हाय, कुत्रं न्हाय, आन् तापतात कशा तव्यावानी. वाळवनाला ह्याहून बरी जागा देवानं बी केली नसती. सगळ्या काचांवर जुन्या साड्या हातरल्या, खालच्या कडेला विटा लावल्या, आन् साऱ्या गल्लीच्या कुरडया घातल्या. वरनं परत मलाच ऊन कशासाठी ते शिकवून गेल्या. म्हनजे आमचं ऊन साऱ्या गल्लीनं तळून खायाचं, आन् आमी सोलापूरला जायाचं. मी आक्कांना हाक मारली, तर त्या म्हनाल्या, आगं, मला वाटलं पत्रा तापू नये म्हनून काचा बसिवल्यात. आता ह्यावर भांडायचं कसं, तुमीच सांगा. कानडीत सुदा शब्द न्हाय.

साड्या काढल्या, घटकाभरानं बॅटरी भराया लागली. महादेवनं ती कुरडई खिशात घातली, कंपनीवाल्याला दाखवतो म्हनला. मंग त्यानं भीत भीत बापाच्या कानाशी जाऊन इचारलं, अण्णा, मंग यायचं का सोलापूरला? मालक छताकडं बघत म्हनले, आमी कशाला यिऊ? तूच येत जा, रिक्षा घिऊन. ऊन हितं लई हाय.

आता आमचं असं चाललंय. मालक सकाळी शिडी चढून काचा पुसतात, एका हातानं, दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हायत. कुरडया गिरणीच्या दारात बाजेवर, राखन त्यांचीच, आन् राखनीची मजुरी परस्पर तोंडात. ढग बघून सांगतात, आज ज्वारी आदी घ्या, हरभरा उद्या. पावसाळ्यात कदी दोन दोन दिस ऊन न्हाय, तवा विजेची वाट बघावी लागती, ते बी खरं हाय, मी तुमाला गोड गोड सांगनार न्हाय. महादेव म्हनतो, बॅटरीला बी म्हातारपन येतं, मंग बदलावी लागंल. म्हनलं, जुनी कुटं जाती? ती ज्याची बनती ते कुटल्या रानातनं खनतात, त्या रानात काय पिकत व्हतं? त्याला ठावं न्हाय. इचारून सांगतो म्हनला. मी सोडनार न्हाय, परत आला की इचारनार.

सुट्टीच्या दिवशी तो येतो सुनंला घिऊन, रिक्षाला गिरणीत वायर लावतो, आन् आमी सगळे जेवाया बसतो, रिक्षा तिकडं जेवती, आमी हिकडं. ह्या सोलापूरच्या उन्हाला मी जलमभर शिव्या दिल्या बगा, कानडीत दिल्या, मराठीत दिल्या. ते काय मनावर घेत न्हाय, रोज येतं बिचारं. तुमी बी येत जावा असंच. तुमच्या घरात पीठ कदी सरू नये, आन् कुना परक्याच्या भांडनापायी तुमची चूल थांबू नये. आन् जाताना डबा घिऊन जावा, मालदांडी ज्वारी हाय, ताजी दळलीया, हात लावून बगा, अजून ऊन हाय.