सर्व्हरच्या एसीचं पाणी

उस्मानपुऱ्याच्या बसमध्ये केयूर नव्या कॉम्प्युटरचा खोका मांडीवर घेऊन बसला होता. धंद्यातली पहिलीच ऑर्डर, उस्मानपुऱ्यातल्या एका ऑफिसाची. पुढच्या सीटवर त्याच ऑफिसातले काकासाहेब आणि दमयंतीताई बोलत होते.

"ताई, आज सर्व्हर काढणार म्हणं."

"सगळ्या फायली त्याच्यातच हायेत की!"

"त्या नव्या कॉम्प्युटरमध्ये टाकणार. मधल्या किमतीचा हाय, त्याला एसी लागत नाय."

"अहो, एसी बंद म्हणजे नळीखालची बादली बंद! या दुष्काळात ऑफिसात दुसरं पाणी हाय कुठं?"

"तेच तर. साहेबांचा चहा बी त्याच पाण्याचा."

"त्यांना ठाऊक हाय?"

"नाय. पण चव लई आवडती त्यांना."

"मग कॉम्प्युटरवाल्याला गेटवरूनच परत धाडा."

"वळखायचा कसा?"

"हातात खोका असंल की."

केयूरनं खोक्यावर रुमाल पसरला. रुमाल लहान पडला. दमयंतीताई मागं वळल्या.

"भाऊ, काय हाय यात?"

"कॉम्प्युटर. पण लई तापतो, ताई. एसीबिगर चालतच नाय."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"द्या तो खोका इकडं," काकासाहेब म्हणाले. "दमला असाल."