अंगठ्यातली आरडाओरड

...आणि वर सून मलाच विचारते, "बाबा, फार ठणकतंय का?" ठणकतंय का! अंगठा टोमॅटोएवढा झालाय, लाल, गरम, आणि तुम्हाला सांगतो, बर्फ लावला, फडक्याने करकचून आवळला, दटावलंसुद्धा, तरी सूज हटेना! अंगठा माझा, आणि माझंच ऐकत नाही!

चाळीस वर्षं सुतारकाम केलं. बायको गुडघ्याचं ऑपरेशन करून सोमवारी घरी यायची, म्हणून जिन्याला कठडा करायला घेतला, रंधा मारला, सवयीने अंगठा फिरवून पाहिला... आणि दुसऱ्या दिवशी ही सूज! रंधा धरवेना. मुलगा म्हणतो, "दुसरा सुतार बघू का?" दुसरा सुतार? माझ्या घरात? मी जिवंत असताना?

सून प्रयोगशाळेत कामाला. म्हणते, "बाबा, सूज तुमच्याच पेशींनी आणलीय. कातडीखाली पहाऱ्याला बसलेल्या असतात. नको ते आत शिरलं की ओळखतात आणि लगेच प्रथिनं बनवून सोडतात. सायटोकाइन म्हणतात त्यांना. ती म्हणजे हाकाच. हाक गेली की रक्तवाहिन्या सैल पडतात, मदतीला आणखी पेशी धावतात. म्हणून लाल, म्हणून गरम."

म्हणजे माझ्या अंगठ्यात कारखाना चालू, धडाधड माल बाहेर पडतोय, आणि मालकाला पत्ता नाही! अंगठा माझा, आणि माझंच ऐकत नाही!

"त्यांना गप्प करायचं औषध दे."

"आधी कुसळ काढायला हवं. ते आत आहे तोवर त्या ओरडणारच."

"कुसळ? माझ्या रंध्याखालून गेलेल्या लाकडाला कुसळ नसतं!"

"मग त्या कोणाच्या नावाने ओरडताहेत, बाबा?"

हो म्हणावं तर चाळीस वर्षं पाण्यात. नाही म्हणावं तर... त्याच कठड्यावर बायको सगळा भार टाकून हात ठेवणार!

म्हटलं, "चल दवाखान्यात."

निघालं. चांगलं तांदळाएवढं निघालं. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर आराम." मी म्हटलं, "बरं." घरी आलो, डाव्या हाताने रंधा उचलला. मग पॉलिश पेपर. एकदा, दोनदा, पाचदा! आरशासारखा केला कठडा. रविवारी संध्याकाळी ठोकला.

सोमवारी बायको आली. कठडा धरला, दोन पायऱ्या चढली, थांबली.

"अहो, हात सटकतोय! जरा खरबरीत नाही का ठेवता आला?"

...सुतळी गुंडाळतोय आता. वरपासून खालपर्यंत.