सकाळपर्यंतच्या कळा

गंधाली : हे सलाईन काढायला सांग ना. हृदय बाहेर पडेल असं वाटतंय.

अनय : डॉक्टर आल्यात बघ, त्यांनाच सांग.

डॉक्टर : काय होतंय गं?

गंधाली : नुसती धडधड. हात बघा कसे थरथरतायत. बाळाला काही होतंय का?

डॉक्टर : बाळाचे ठोके ठीक आहेत, आत्ताच बघितले. ही सलाईनमधल्या औषधाची धडधड आहे. गर्भपिशवीच्या स्नायूवर रिसेप्टर असतात, म्हणजे औषध धरणाऱ्या जागा. औषध तिथे जाऊन लागलं की स्नायू सैल पडतो, कळा थांबतात. पण तसेच रिसेप्टर हृदयावरही असतात. म्हणून ते पळत सुटलंय.

अनय : असं किती दिवस थांबवता येईल?

डॉक्टर : दिवस नाही. स्नायू औषधाला सरावतो, मग दाद देत नाही. मला फक्त सकाळपर्यंत वेळ हवाय. सातवा महिना आहे, बाळाची फुप्फुसं कच्ची आहेत. त्यासाठी एक इंजेक्शन दिलंय, दुसरं सकाळी द्यायचंय.

गंधाली : मग राहू दे सलाईन.

डॉक्टर : राहू दे. पण दम लागला तर लगेच सांगायचं. मग मला ते बंद करावं लागेल. मी बाजूच्या वॉर्डात आहे.

अनय : गंधाली, तू तोंडाने का श्वास घेतेयस?

गंधाली : हळू बोल. सिस्टर ऐकेल.

अनय : दम लागतोय ना? डॉक्टर गेल्यापासून बघतोय.

गंधाली : थोडा. सांगू नकोस रे. बंद करतील. सकाळपर्यंत काढते मी.

अनय : आणि तुला काही झालं तर?

गंधाली : मागच्या वेळी... पाचव्यातच गेलं. आता परत नाही, अनय.

अनय : मागच्या वेळी तू तरी होतीस. सिस्टर, डॉक्टरांना बोलवा. हिला दम लागतोय.

गंधाली : अनय, नको ना.

डॉक्टर : बाजूला व्हा जरा. हं... हिच्या फुप्फुसात पाणी भरायला लागलंय. सिस्टर, सलाईन बंद. ऑक्सिजन लावा.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच खोलीत.)

गंधाली : काय म्हणाल्या डॉक्टर?

अनय : दुसरं इंजेक्शन दिलं, पण त्याचा गुण यायच्या आधीच पोरगी बाहेर आली. वरच्या मजल्यावर मशीनवर ठेवलंय. दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही म्हणाल्या.

गंधाली : सलाईन चालू असतं तर वेळ मिळाला असता.

अनय : कदाचित.

गंधाली : तिला काही झालं तर मी तुला माफ करू शकेन की नाही, मला माहीत नाही.

अनय : माहितीये. तरी मी सांगितलंच असतं.

गंधाली : कशी आहे दिसायला?

अनय : नळ्यांमुळे चेहरा नीट दिसत नाही. कानांवर लव आहे, काळी, दाट.

गंधाली : कोण आहे तिच्यापाशी?

अनय : सिस्टर आहेत. आई मुलुंडहून निघालीय, येईलच.

गंधाली : तोवर तू इथे काय करतोयस? जा वर.